बेबीच्या टाकीचं पाणी

बेबी, तुझा फ्लेक्स मी लावू दिला नाही. आधीच सांगून टाकते, नंतर कुणाकडून कळायला नको. शेणव्याच्या नाक्यावर लावायचा ठरला होता. मधोमध तुझा फोटो, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि खाली ओळीने गावातल्या बाप्यांची तोंडं, गॉगल घातलेली. वाडीचं पुढारपण करणाऱ्या वामनकाकांनी तुझा फोटो मागायला माणूस पाठवला, तेव्हा मी ओसरीवरूनच विचारलं, "ती होती तेव्हा तिच्या बाजूला उभं राहायला यातलं कोण आलं होतं? आता बरे फोटोत उभे राहताय!" आतून तुझा भाऊ म्हणाला, "अगो, हळू बोल." का म्हणून हळू? तुझ्यासोबत इतकी वर्षं काढली, हळू बोलायची सवयच राहिली नाही मला.

लोक येतात, चहा घेतात आणि म्हणतात, "बेबी फार शांत होती हो." शांत! तू! ज्या बाईचा आवाज ओढ्यापलीकडच्या खाचरात ऐकू यायचा, ती म्हणे शांत होती. मेलेल्या माणसाला गरीब करून टाकायची लोकांना भारी हौस. परवा एक बाई म्हणाली, "देवाला चांगली माणसं लवकर लागतात." मी म्हटलं, "लागत असतील तर त्याने स्वतःची बनवावीत, आमची कशाला नेतो?" तिने चहा अर्धाच ठेवला. मला काही वाईट वाटलं नाही. तू गेल्यावर मला रडू येत नव्हतं, नुसता राग येत होता, आणि तो कुणावर काढावा कळत नव्हतं. म्हणून तुला लिहायला बसले आहे. तू तशीही माझं कधी पूर्ण ऐकून घेतलं नाहीस. आता घे.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू चौथीत होतीस. दोन वेण्या, दोन्ही गुडघे फुटलेले. पहिल्याच दिवशी विचारलंस, "वैनी, तुला पोहता येतं?" मी नाही म्हटलं तर तोंड वाकडं करून निघून गेलीस. शाळेत तुझं नाव कुसुम, पण घरात धाकटी म्हणून बेबी, आणि केस पांढरे झाले तरी गावभर बेबीच. मुरबाडकडे तुला दिली होती. तिथे काय झालं ते मी इथे लिहिणार नाही, तुला आवडलं नसतं. तुला आणायला मी गेले एवढं मात्र आठवतं. तू मुरबाडच्या स्टँडवर पत्र्याच्या पेटीवर बसून कलिंगड खात होतीस. मला बघून म्हणालीस, "रडतेस काय? फोड घे." मी रडत रडत कलिंगड खाल्लं. गोड होतं.

सासर सोडल्यावर, इकडे यायच्या आधी तू तिथल्याच एका पोल्ट्रीवर दोन उन्हाळे काम केलं होतंस. शेडमध्ये उष्मा वाढला की छपरावरचे फवारे आपोआप सुरू होतात, कुणाला चावी फिरवावी लागत नाही, हे तू मला येताना जीपमध्ये सांगितलंस. मी म्हटलं, "कोंबड्यांची मजा आहे बाई." तू हसलीस. मला वाटलं, विषय संपला.

मग तो वणवा आला. आपल्याकडे वणव्याचं कुणाला नवल नाही. कुणी मोहाची फुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतं, कुणी बिडीचं थोटूक टाकतं, कुणी म्हणतं गवत चांगलं येतं. एरवी तो डोंगरावरच विझतो. त्या वर्षी वारा खाली होता, आणि वाडीत माणूस नव्हता. शहरातल्या माणसाला हे सांगून कळत नाही, पण आपल्याकडे आगीचे दिवस आणि गाव रिकामं असायचे दिवस एकच. ओढ्यापलीकडची कातकरी वस्ती दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेली, घरांची दारं दोरीने बांधून. आपले बापये पहाटेच आसनगाव गाठून कामावर. मागे राहिलं कोण? म्हातारी माणसं, अंगणवाडीतली पोरं, पोरं सांभाळणारी मी, आणि तू.

निरगुडीच्या फांद्या तोडून आपण दोघी ती आग झोडपत होतो. म्हाताऱ्या हंड्याने पाणी आणत होत्या, ते आगीपाशी पोचेपर्यंत निम्मं सांडायचं. तुझ्या भुवया जळल्या. माझी चप्पल वितळून पायाला चिकटली. आणि एवढं करून काय? ओढ्यापलीकडची ती कडेची वस्ती गेली ती गेलीच. कारवीचे कुड, वर पेंढा, पेटायला कितीसा वेळ. आपली वाडी वाचली ती मधे ओढा आहे म्हणून. पावसाच्या तोंडावर त्या वस्तीतली जनी भट्टीवरून घरी आली, तेव्हा घराच्या जागी बसून राखेत हात घालून पाटा शोधत होती. तू तिच्याजवळ जाऊन बसलीस. त्या दिवशी जेवताना घास हातात धरून म्हणालीस, "वैनी, कोंबड्यांच्या शेडला आपोआप पाणी, आन माणसाच्या घराला निरगुडीची फांदी. हे बरोबर हाय?" मी म्हटलं, "नाय." तिथून तुझं डोकं जे फिरलं ते फिरलंच.

किती दारं झिजवलीस! लोक तुला बघून रस्ता बदलायचे. शेवटी आसनगावच्या बाजूच्या एका कारखान्याने ऐकलं आणि खर्च उचलला, तुझं पटलं म्हणून की तुला कंटाळून, ते देव जाणे. टेकडीवर ही मोठी टाकी उभी राहिली. पावसाळ्यात ओढ्याच्या बंधाऱ्यातून भरायची आणि उन्हाळाभर भरलेली ठेवायची. तिथून जाड नळ खाली आला, वाडीभोवती फिरला. नळावर उंच दांडे, दांड्यांवर उसाच्या शेतात असतात तसे दांडगे फवारे, घराच्या या अंगणातून त्या अंगणात पाणी फेकणारे. रानाच्या कडेला खांबांवर धूर आणि धग ओळखणारी यंत्रं. त्यांना गावाने 'डोळे' नाव दिलं. डोळ्याला आग दिसली की टाकीची झडप आपली आपण उघडणार, लाइट असो नसो, पाणी उताराने धावत येणार. आग कुठल्याही बाजूने येवो, कुणाला हाक मारायला नको.

नळ ओढ्यापर्यंतच आणायचा असं वामनकाकांचं म्हणणं होतं. "पलीकडं नेऊन काय करायचंय? उन्हाळ्यात तिकडं राहतंय कोण?" तू म्हणालीस, "म्हणून तर न्यायचा." एवढंच म्हणालीस आणि कारखान्याच्या माणसांसोबत ओढा उतरून पलीकडे चालू लागलीस. त्या क्षणी मला तुझा इतका अभिमान वाटला होता, बेबी, की काय सांगू. सांगितलं मात्र नाही. तू आधीच शेफारलेली होतीस.

आणि तरी आपण सगळ्यांनी मिळून केवढी माती खाल्ली! कारखान्याचा तो इंजिनीअर, गोरागोमटा, कानाला सतत फोन, त्याने वाडीतल्या सगळ्यांना मारुतीच्या देवळात बसवून विचारलं, "तुम्ही लोक शेतात कधी आग लावता का?" झालं. आगीबद्दल विचारतो तो फॉरेस्टवाला, हे आपल्याला जन्मापासून ठाऊक. सगळे एका सुरात म्हणाले, "आमी? नाय साहेब! कधीच नाय!" वामनकाका छातीवर हात ठेवून म्हणाले. ज्या म्हातारीने त्याच सकाळी राब भाजला होता, ती काळ्या हातांनी नाही म्हणाली. तूही मान हलवलीस, मीही हलवली. पोराने आपल्यावर विश्वास ठेवला आणि डोळ्यांना शिकवून ठेवलं की इथे धूर दिसला म्हणजे आग.

आता राब भाजल्याशिवाय आपल्याकडे भात कधी झालाय? रोप टाकायच्या जागेवर शेण पसरायचं, पाला, फांद्या, गवत, वरून माती टाकायची आणि पेटवून द्यायचं. आजे-पणजे करत आले. त्यात आग लावल्यासारखं काही असतं हेच कुणाच्या डोक्यात आलं नाही. फाल्गुन लागताच वामनकाकांनी पहिला राब पेटवला, धूर सरळ वर गेला, डोळ्याने बघितला, आणि काय ती त्रेधा! एका दमात अख्ख्या वाडीवर पाणी. राब विझला, शेण वाहून खाचरात. वामनकाका तोंड उघडं टाकून मधोमध उभे, लेंगा पायांना चिकटलेला. काकूंच्या खाटेवरच्या कुरडयांची पेज झाली. कुणाचा मोह भिजला, कुणाचा पेंढा, कुणाच्या गोधड्या. माझी अंगणवाडीतली पोरं मात्र खिचडीच्या ताटल्या डोक्यावर धरून नाचत होती. आणि तू पदर खोचून टेकडीवर पळत होतीस, ओरडत, "थांब गो बाय, थांब!" टाकीला गो बाय म्हणणारी तूच. तू झडप बंद करेपर्यंत टाकी तळाला गेली होती.

मी पोट धरून हसले, हे तुला आवडलं नाही. पण त्याच आठवड्यात आपलं खरं भांडण झालं, ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. विहिरी आटल्या होत्या. आम्ही बाया विहिरीत उतरून वाटीवाटीने हंडा भरत होतो, आणि तू बंधाऱ्यातलं उरलंसुरलं पाणी पुन्हा टाकीत चढवायला निघालीस. मी वाटेत उभी राहिले. म्हटलं, "पोरी हंडा घेऊन कुठं कुठं फिरतायत, आन तू तिथं तळं भरून ठेवतेस. कशासाठी? न लागलेल्या आगीसाठी!"

तू म्हणालीस, "लागलेल्या आगीसाठी पाणी साठवता येत नाय, वैनी."

"तहान रोज लागते. आग वर्षातून एकदा."

"तहानेला टँकर मागता येतो. आगीला टँकर येतो तो राख बघायला."

"मग माग ना टँकर! आण!"

तू नाही आणलास. तू पाणी टाकीत चढवलंस, आणि मी तुझ्याशी बोलणं टाकलं. जेवायला वाढायचे, पण आदळून. किती दिवस गेले आठवत नाही, मग एक दिवस तूच माझा हंडा उचलून चालायला लागलीस आणि आपण पुन्हा बोलायला लागलो. वाद मात्र मिटला नाही. मी अजून म्हणते, भरलेल्या टाकीखालून रिकामा हंडा घेऊन जाणं हे पाप आहे. तू मेलीस म्हणून माझं मत बदललेलं नाही. मेलेल्या माणसाचं सगळं खरं, असं मी धरून चालणार नाही.

त्या फजितीनंतर तू नियम घातलास. ज्याला राब भाजायचा त्याने आदल्या दिवशी तुला सांगायचं. तू वर जाणार, झडप बंद करणार, राब निवेपर्यंत टाकीपाशी बसून राहणार आणि झडप उघडूनच खाली येणार. दुसऱ्या दिवशी पुन्हा राब असला तरी आज उघडूनच. लोक म्हणायचे, राहू दे बंद, उद्या परत चढायचंच आहे. तू म्हणायचीस, "आग काय उद्यापर्यंत थांबते?" मी तुला चिडवायचे, "आपोआप यंत्रासाठी रोज टेकडी चढणारी बाई जगात तू एकटीच." तू म्हणायचीस, "आपोआपच हाय गो. फक्त मी लागते." आणि स्वतःच खो खो हसायचीस.

तू गेलीस त्या दिवशीही टाकी बघून टेकडीवरूनच उतरली होतीस. छातीत जड वाटतंय म्हणालीस. मी म्हटलं, "चढ आणखी." तू हसलीस. तेच आपलं शेवटचं बोलणं, कारण जीपमध्ये तू बोललीच नाहीस आणि शहापूरच्या दवाखान्यात आम्ही पोचलो ते उगाच. लोक मला म्हणतात, मनाला लावून घेऊ नको. मी घेतलेलंच नाही. आपण दोघी असंच बोलायचो. शेवटी गोड बोलले असते तर तुला संशय आला असता.

तुझं तेरावं झालं. पंगत उठायच्या आत, मंडपातच, वामनकाकांनी विषय काढला. "आता बेबी नाय. टाकी बघणार कोण? विहिरी तळाला गेल्यात. पाणी आपल्या नळांना सोडू, बायांच्या डोक्यावरचा हंडा तरी उतरंल. वैनी तर पयल्यापासून हेच सांगतायत." सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी हातात ताकाचा जग घेऊन उभी. बेबी, काय सांगू, तो माणूस जन्मात पहिल्यांदा माझ्या बाजूने बोलत होता, आणि खरं बोलत होता. बाया माझ्याकडे आशेने बघत होत्या. माझी स्वतःची सून सकाळी दोन खेपा करून दमून बसली होती. मी नुसती मान हलवली असती तरी संध्याकाळी नळाला पाणी आलं असतं.

मी पंगतीवरून नजर फिरवली. कडेच्या वस्तीतलं एकही माणूस नव्हतं. ज्यांच्या घरांवर आग पहिली येणार ती माणसं भट्टीवर, आणि त्यांच्या घरांवरचं पाणी आपण इथे जिलेबी खात वाटून घेत होतो. मी विचारलं, "किती पुरंल?"

"जपून वापरलं तर महिनाभर तरी."

"आन त्यात आग आली तर?"

वामनकाका म्हणाले, "बघू."

तुझ्या घरी, तुझ्या तेराव्याला, ते 'बघू' ऐकलं आणि माझं टाळकंच सटकलं. ताकाचा जग खाली ठेवला. म्हटलं, "पाणी पायजे ना? मला पण पायजे. तुमच्याहून जास्त पायजे, कारण तुमी कधी हंडा उचललेला नाय. धरणं आपल्या तालुक्यात, मुंबईचे नळ आपल्या बांधावरून जातात, आन आपण बसलोय भट्टीवर गेलेल्या माणसांची टाकी फोडायला? वा रे मर्द! हंडे घ्या आन चला शहापूरला, तहसीलदाराच्या दारात बसू. मी पुढं होते. पण टाकीला कोणी हात लावला तर माझ्याशी गाठ हाय."

"आन झडप?" वामनकाका म्हणाले. "राबाचे दिवस आलेत. वर चढणार कोण?"

"मी."

"तुमचे गुडघे दुखतात वैनी." कुणीतरी मागे हसलं.

"दुखतात. माझेच हायत ना? मग दुखू देत."

तुझा भाऊ कधी कुणासमोर तोंड उघडत नाही. तो पानावरून उठला आणि म्हणाला, "ती म्हणते तसंच व्हईल." मग पुन्हा बसून भात खाऊ लागला. मी थक्क. वामनकाका म्हणाले, "शिमग्यापर्यंत ठेवू, मग बघू." पुन्हा 'बघू', पण तेवढ्यावर मिटलं.

दुसऱ्याच दिवशी आम्ही बाया रिकामे हंडे घेऊन शहापूरला गेलो. दारातच फतकल मारून बसलो, हंडे वाजवले, घसा बसेपर्यंत ओरडलो. टँकर सुरू झाला. कधी येतो, कधी दांडी मारतो, पण येतो. तो मी आणला, बेबी. तू नाही आणलास. हे वर कुणाला सांगशील तर नीट सांग.

मग राब सुरू झाले. पहिला वामनकाकांचाच. मी टेकडी चढले, तुला एकेक पायरीला शिवी घालत. पायऱ्या तरी कुठे आहेत म्हणा, नुसते दगड. तू हे रोज कशी चढत होतीस? मला एकदा तरी म्हणायचंस की वैनी, दम लागतो. झडपेचं चाक घट्ट, दोन्ही हातांनी फिरवावं लागलं. राब धुमसत होता, मी टाकीच्या सावलीत बसून राहिले. राब निवला, आणि खालून वामनकाकांचा फोन. "वैनी, राहू द्या बंद. उद्या माझा दुसरा तुकडा भाजायचाय. उद्याच्याला परत कशाला चढता?"

खरं सांगू? मला ते पटलं होतं. उद्या पुन्हा हे दगड या विचारानेच जीव नको झाला होता. मी चाकाला हात न लावता दोन पावलं उतरलेही. मग मागे फिरले आणि उघडलं. तुझा नियम म्हणून नाही. काही झालं असतं आणि तू वरून म्हणाली असतीस, "बघ, मी सांगत नव्हते?" तर ते मला सहन झालं नसतं. खाली येऊन वामनकाकांना सांगितलं, "उद्या मी वर पोचल्याशिवाय काडी ओढायची नाय." ते पुटपुटले, "बेबी परवडली."

दुसऱ्या दिवशी मी पोरांना खिचडी वाढत होते. पोरांची जेवणं आटपून वर जायचं असं ठरलेलं. तेवढ्यात आवाज आला, छपरांवर खडी ओतल्यासारखा. मला वाटलं वामनकाकांनी माझी वाट न बघता राब पेटवला. हातात डाव तसाच धरून, शिव्या देत बाहेर आले. बघते तर वामनकाका शेतात नुसते उभे, राब थंड, आणि ते ओढ्यापलीकडे बघतायत. डोंगर पेटला होता. वाऱ्यासरशी आग थेट कडेच्या वस्तीवर उतरत होती, आणि तिथे एकही माणूस नसताना सगळे फवारे सुटले होते. दोरीने बांधलेली दारं भिजत होती, छपरं भिजत होती, मागचं गवत, शेणाचे ढीग, कुंपणं. आग ओल्यापर्यंत आली, तिथे फुसफुसली, डावीकडून वाट शोधली, उजवीकडून शोधली, आणि बसली. कुणी हाक मारली नव्हती, आणि फांदी तोडून झोडपायलाही कुणी नव्हतं.

वामनकाका माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. म्हणाले, "काल बंद ठेवली असती तर..."

मी म्हटलं, "तर तुमी बघू म्हणाला असता."

आणि मग मी रडले, बेबी. तू गेल्यापासून पहिल्यांदा. हातात डाव, समोर वामनकाका, मागे खिचडीने बरबटलेली पोरं. मला लाज वाटली नाही. तू जिवंत असताना तुला कधी म्हटलं नाही ते तिथे मोठ्याने म्हटलं, "भले गो बेबी, भले!" पोरांनाही ते आवडलं, तीही ओरडायला लागली.

टाकी निम्म्याखाली गेली आहे. ती कशी भरायची यावर पुन्हा भांडणं होणार, आणि मी तयार आहे. पण मला सांगायचंय ते आज सकाळचं.

काल शिमग्यासाठी जनीचं बिऱ्हाड भट्टीवरून आलं. आले तेव्हा अंधार पडला होता. आज सकाळी ओढ्यापलीकडून तिचा असा आवाज आला की कुत्री भुंकायला लागली. मी धावत गेले. ती दारात उभी, कमरेवर हात. तिच्या कुडाचं सगळं लिंपण धुऊन गेलं होतं, कारवीच्या काड्या बरगड्यांसारख्या उघड्या पडल्या होत्या, पेंढ्याला ओलीचा वास, चुलीचा चिखल. "कोणी केलं हे? दिवाळीला ढोपरं झिजवून लिंपलं होतं मी! घरात पाणी घुसलंय, माझ्या सुपांना बुरशी आलीय! बेबी कुठाय? बोलव तिला! कसला पाऊस पाडलाय तिनं माझ्या घरात? बोलव, मी सांगते तिला!" काळ्या पडलेल्या डोंगराकडे तिची पाठ होती.

तिच्याकडे तुझी बातमी पोचलीच नव्हती. दर हंगामाला नवीन नंबर, आम्ही कळवणार कुठे? मी तिला मागे वळून बघ म्हणू शकले असते. नाही म्हटलं. तिला ओरडू दिलं. घर उभं होतं, ती त्याच्या दारात उभी होती आणि जिवाच्या आकांताने तुला शिव्या देत होती. तुझ्याविषयी इतकं चांगलं कुणी बोललं नाही गं, तेरा दिवसांत.

मग मी सांगितलं, "बेबी गेली, जने."

ती दाराला धरून खाली बसली. बसताना तिची नजर डोंगराकडे गेली. वरपासून खालपर्यंत काळा, आणि तिच्या परसाच्या कुंपणाशी येऊन संपलेला. ती त्या रेषेकडे बघत राहिली. कुंपणाच्या आतलं गवत पिवळं होतं. तिची सून पाणी घेऊन आली, तिने घेतलं नाही. पदराने तोंड पुसलं, मग पुन्हा पुसलं.

"मंग मी आता भांडू कोणाशी?" ती म्हणाली.

मी म्हटलं, "माझ्याशी भांड."

आणि बेबी, तिने सुरुवात केली.